तंतुकणिका आणि पेशीचे जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील अनेक मराठी घरांत मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात आणि त्यांचा अभ्यास घेणारी आई किंवा आजोबा मराठीत विचार करतात. त्यामुळे जीवशास्त्राचा धडा उघडला की गुजराती पुस्तकातले कणाभसूत्र म्हणजे आपली तंतुकणिका का, इथपासून सुरुवात होते. होय, दोन्ही एकच, आणि इंग्रजी माध्यमातले मायटोकॉन्ड्रियाही तेच. पुढील प्रश्न अशा विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि काही वेळा रुग्णांच्या नातेवाइकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. कोणतेही उत्तर सुटे वाचले तरी समजावे असा प्रयत्न केला आहे आणि एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आजारांविषयीची उत्तरे केवळ समजुतीसाठी आहेत. उपचारांचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

१. तंतुकणिका म्हणजे नेमके काय? एका पेशीत त्या किती असतात?

केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आढळणारे, दोन पटलांनी वेढलेले हे एक पेशीअंगक आहे. त्याची जाडी साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर असते आणि लांबी काही मायक्रोमीटरपर्यंत जाते. बाहेरचे पटल सपाट असते, तर आतल्या पटलाला असंख्य घड्या पडलेल्या असतात. त्यांना शिखा म्हणतात. या घड्यांमुळे थोड्या जागेत पटलाचे क्षेत्रफळ फार वाढते, आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेले सारे महत्त्वाचे काम याच पटलावर चालते. यकृताच्या एका पेशीत हजार ते दोन हजार तंतुकणिका असतात असे पुस्तकांत लिहिलेले असते, आणि हृदयाच्या स्नायूपेशीत तर सुमारे एक तृतीयांश जागा त्यांनीच व्यापलेली असते. मात्र हे आकडे ढोबळ मानावेत. पुस्तकात घेवड्याच्या दाण्यासारखी दिसणारी आकृती हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला एक पातळ छेद असतो. जिवंत पेशीत तंतुकणिका सतत हलतात, एकमेकींना जोडल्या जातात, पुन्हा तुटतात आणि अनेकदा एकसंध जाळेच तयार करतात. अशा जाळ्यात ‘किती’ हा प्रश्न पुरता लागूच पडत नाही.

२. शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकातून तंतुकणिका दिसतील का?

दिसतील, पण केवळ बारीक ठिपके किंवा रेषा म्हणून. गालाच्या आतल्या बाजूच्या किंवा कांद्याच्या पापुद्र्याच्या ताज्या पेशींवर जेनस ग्रीन बी या रंजकाचे अगदी पातळ द्रावण टाकल्यास तंतुकणिका निळसर हिरव्या दिसू लागतात. आतल्या शिखा पाहण्यासाठी मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

३. ‘पेशीचे ऊर्जाघर’ असे आम्ही परीक्षेत लिहितो. पण तंतुकणिका ऊर्जा तयार करते म्हणजे प्रत्यक्षात काय करते?

ऊर्जा ती निर्माण करत नाही. अन्नात असलेली ऊर्जा ती पेशीला खर्च करता येईल अशा रूपात आणते, आणि ते रूप म्हणजे एटीपी नावाचा रेणू. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत सायरस फिस्के व भारतातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी शोधला. एटीपीचा धडा शिकवताना सुब्बारावांचे नाव सहसा घेतले जात नाही; ते आवर्जून घ्यावे असे मला वाटते.

सेव-उसळ खाल्ली असे समजा. वाटाण्यातील पिष्टमय पदार्थाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे पेशीत पोहोचते. तेथे तंतुकणिकेच्या बाहेरच, पेशीद्रव्यात, ग्लुकोजच्या रेणूचे दोन तुकडे होतात. या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही आणि पदरात केवळ २ एटीपी पडतात. पायरुविक आम्लाचे हे तुकडे मग तंतुकणिकेत शिरतात. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली मांडलेल्या चक्रात त्यांतला कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने सुटा होतो, जो आपण उच्छ्वासावाटे बाहेर टाकतो, आणि त्यांतले ऊर्जावान इलेक्ट्रॉन वाहक रेणूंकडे सोपवले जातात. शेवेतल्या तेलाची मेदाम्लेही विघटित होऊन अखेर याच चक्रात येऊन मिळतात.

खरी नवलाची गोष्ट यापुढे आहे. हे इलेक्ट्रॉन आतल्या पटलातील प्रथिनांच्या साखळीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी तयार होते. आपण श्वासावाटे घेतलेला बहुतेक सारा ऑक्सिजन याच शेवटच्या पायरीवर खर्च होतो. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर साखळीतली प्रथिने प्रोटॉन आतून बाहेर, म्हणजे दोन पटलांमधल्या जागेत, उपसतात. सरदार सरोवराच्या भिंतीमागे पाणी चढते तसे तेथे प्रोटॉन साठतात, आणि परत आत येण्यासाठी त्यांना ज्या वाटेने यावे लागते तेथे एटीपी सिंथेज नावाचे विकर बसलेले असते. प्रोटॉनच्या प्रवाहाने त्याचा एक भाग धरणातल्या टर्बाइनप्रमाणे खरोखर गरगर फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात ३ एटीपी तयार होतात. पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब सुमारे १५० मिलिव्होल्टच असतो. पण पटल इतके पातळ आहे की प्रति मीटर हिशेब केला तर तो तीन कोटी व्होल्टच्या घरात जातो.

ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा बहुतेक जीवरसायनशास्त्रज्ञांना ती पटली नाही. पुढे प्रयोगांनी ती टिकली आणि १९७८ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. विकराच्या फिरण्याचा उलगडा करणारे पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी जपानी संशोधकांनी हे फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दाखवले. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा पाव किलोच्या आतच असतो. तोच पुन्हा पुन्हा मोडून व जोडून दिवसाकाठी साधारण आपल्या वजनाएवढा एटीपी वापरला जातो. एवढी उलाढाल सारखी चालू असते म्हणूनच श्वास काही मिनिटेही थांबवून चालत नाही.

४. एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी मिळतात, ३६ मिळतात की ३२? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा आहे.

जुन्या हिशेबात एका प्रकारच्या वाहक रेणूमागे पूर्ण ३ आणि दुसऱ्या प्रकारच्या वाहकामागे पूर्ण २ एटीपी धरत असत. त्या हिशेबाने १० वाहकांचे ३०, दुसऱ्या २ वाहकांचे ४ आणि थेट मिळणारे ४ असे ३८ होतात. प्रत्यक्षात प्रश्न ३ मधील यंत्रणा पूर्णांकात चालत नाही, आणि तयार झालेला एटीपी पेशीद्रव्यात पोहोचवण्यासाठीही काही प्रोटॉन खर्च होतात. म्हणून आज अनुक्रमे २.५ आणि १.५ धरतात व बेरीज ३२ येते. पेशीद्रव्यात तयार झालेल्या वाहकांचे इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने आत नेले यावर ती ३० पर्यंत उतरते. जुन्या पद्धतीतला ३६ चा आकडाही याच कारणाने आला आहे. शिवाय काही प्रोटॉन पटलातून झिरपून वायाही जातात, त्यामुळे ३२ हीदेखील वरची मर्यादाच आहे. परीक्षेत आपल्या मंडळाच्या पुस्तकातील आकडा लिहावा. शिक्षकांनी मात्र तो का बदलला हे वर्गात जरूर सांगावे, कारण हिशेबातला हा बदल म्हणजेच मिचेल यांच्या शोधाचा परिणाम आहे.

५. वनस्पतींकडे हरितलवके असताना त्यांना तंतुकणिका कशाला हव्यात?

हरितलवक प्रकाशात साखर तयार करते. ती साखर वापरून पेशीचा बहुतांश खर्च भागवण्याचे काम तंतुकणिकाच करते. रात्री, जमिनीखालच्या मुळांत आणि अंकुरणाऱ्या बियांत तर प्रकाशच नसतो. मोड आलेल्या मटकीचा डबा हाताला किंचित कोमट लागतो, ती उष्णता मुख्यतः या श्वसनाचीच असते.

६. आपल्या शरीरात तंतुकणिका नसलेल्या पेशी आहेत का?

आहेत. तांबड्या रक्तपेशी अस्थिमज्जेत तयार होताना केंद्रकही टाकून देतात आणि तंतुकणिकाही. सुमारे १२० दिवसांचे त्यांचे आयुष्य केवळ ग्लुकोजच्या पहिल्या, ऑक्सिजनविरहित टप्प्यावर चालते. ऑक्सिजन वाहून नेणारी पेशी स्वतः तो वापरत नाही, ही व्यवस्था शरीराच्या फायद्याचीच आहे. डोळ्यातील भिंगाच्या आतल्या तंतुपेशींतही तंतुकणिका नसतात, त्यामुळे प्रकाश न विखुरता आरपार जातो. पण तांबड्या पेशींचा हा नियम सस्तन प्राण्यांपुरताच आहे : पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या तांबड्या पेशींत केंद्रकही असते आणि तंतुकणिकाही.

७. नवरात्रात गरबा खेळताना किंवा पावागड चढताना पाय भरून येतात, ते तंतुकणिका थकल्यामुळे का?

तंतुकणिका थकत नाहीत. मागणी त्यांच्या पुरवठ्यापेक्षा वेगाने वाढते. अशा वेळी स्नायू ग्लुकोजच्या पहिल्या टप्प्यावर जास्त अवलंबून राहतात आणि लॅक्टिक आम्ल साठू लागते. थांबल्यावर ते तास-दीड तासात निघून जाते. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणाऱ्या पोटऱ्यांचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडू नये. ते दुखणे स्नायुतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे असते. नवरात्राआधी काही आठवडे रोज सराव करणाऱ्यांना पहिल्याच रात्री धाप लागत नाही, याचे एक कारण तंतुकणिकांतच आहे. नियमित धावणाऱ्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची श्वसनक्षमता वाढते, हे जॉन होलोझी यांनी १९६७ साली दाखवले, आणि माणसांतही तसेच घडते. सराव सुटला की ही वाढ काही आठवड्यांत ओसरू लागते.

८. तंतुकणिका पूर्वी स्वतंत्र जिवाणू होत्या, हे खरे आहे का?

होय, आज जीवशास्त्रात हे सर्वमान्य आहे. सुमारे दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी एका प्राचीन पेशीने एक ऑक्सिजन वापरणारा जिवाणू सामावून घेतला, आणि तो पचला जाण्याऐवजी तेथेच राहून पिढ्यान्‌पिढ्या विभागत गेला. लिन मार्ग्युलिस यांनी ही मांडणी १९६७ साली प्रसिद्ध केली. त्याआधी अनेक नियतकालिकांनी तो लेख नाकारला होता.

मत पालटले ते पुराव्यांमुळे. तंतुकणिकेला स्वतःचा, बहुतेक प्राण्यांत वर्तुळाकार, डीएनए आहे. तिचे रायबोझोम, म्हणजे प्रथिने बनवणारे कण, पेशीद्रव्यातील रायबोझोमपेक्षा जिवाणूंच्या रायबोझोमशी अधिक जुळतात. तिच्या आतल्या पटलात कार्डिओलिपिन हा जिवाणूंच्या पटलांत आढळणारा मेद आहे. नवी तंतुकणिका शून्यातून तयार होत नाही, तर असलेलीच विभागून होते. आणि जनुकांची तुलना केली असता तिचे नाते अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटाशी निघते. मला या साऱ्यात विलक्षण वाटते ते हे की, वड, बुरशी, मगर आणि माणूस या सर्वांच्या तंतुकणिकांचा उगम त्या एकाच घटनेत आहे.

९. स्वतःचा डीएनए आहे, तर तंतुकणिका पेशीबाहेर जगू का शकत नाही?

कारण तिची बहुतेक जनुके आता तिच्याजवळ नाहीत. माणसाच्या तंतुकणिकेचा डीएनए १६,५६९ अक्षरजोड्यांचा आहे आणि त्यात फक्त ३७ जनुके आहेत. त्यांतली १३ प्रथिनांची, उरलेली २४ ती प्रथिने बनवण्यासाठी लागणाऱ्या आरएनएची. तिला लागणारी हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून तयार होऊन बाहेरून आत आणली जातात. काळाच्या ओघात तिची काही जनुके केंद्रकात गेली आणि काही नाहीशी झाली. उरलेल्या जनुकांची लिपीही थोडी वेगळी आहे : केंद्रकात ‘थांबा’ असा अर्थ असलेला एक संकेत येथे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लासाठी वाचला जातो.

१०. तंतुकणिका फक्त आईकडूनच मिळतात का? याला कधीच अपवाद नसतो का?

माणसात जवळजवळ नेहमीच आईकडून. बीजांडात तंतुकणिकीय डीएनएच्या लाखाहून अधिक प्रती असतात. शुक्राणूच्या मध्यभागी शेपटीला ऊर्जा देणाऱ्या थोड्याच तंतुकणिका असतात आणि फलनानंतर त्या खुणावून नष्ट केल्या जातात. आपल्या घरांतल्या वंशावळी आणि कुलवृत्तान्त पित्याच्या बाजूने लिहिलेले असतात; हा वारसा मात्र आई, आजी, पणजी असा मागे जातो. याच धाग्यावरून १९८७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी आज जिवंत असलेल्या सर्व माणसांची मातृरेषा आफ्रिकेतील एका स्त्रीपर्यंत पोहोचते असे दाखवले; त्यांच्या अंदाजाने ती सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीची. ती त्या काळची एकमेव स्त्री होती असा याचा अर्थ नाही. तिच्या समकालीन स्त्रियांचीही इतर जनुके आपल्यात आहेत. फक्त मुलीकडून मुलीकडे जाणारी त्यांची अखंड रेषा पुढे कोठेतरी थांबली.

अपवाद आहेत. २००२ साली एका रुग्णाच्या स्नायूंत वडिलांकडून आलेला तंतुकणिकीय डीएनए आढळल्याची नोंद झाली. मायटिलससारख्या काही शिंपल्यांमध्ये तर नरांच्या जननपेशींत पित्याकडूनच आलेल्या तंतुकणिका असणे हाच नियम आहे.

११. मग तंतुकणिकांचा आजार झालेल्या मुलाला तो आईकडूनच आला असे म्हणायचे का?

नाही, आणि हे शक्य तितके स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण या गैरसमजातून घरातल्या सुनेवर दोष येतो. तंतुकणिकेची बहुतेक प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून तयार होतात (प्रश्न ९), त्यामुळे लहान मुलांतील अशा आजारांपैकी बरेच केंद्रकातील जनुकांतील दोषामुळे होतात. बहुधा त्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते, आणि दोघेही स्वतः निरोगी असतात. काही बदल तर मुलात नव्यानेच घडलेले असतात.

लेबरच्या आनुवंशिक दृष्टिचेता विकारासारखे आजार मात्र आईच्या वंशरेषेतून येतात. त्यात बहुधा तरुणपणी, वेदना न होता, दृष्टी झपाट्याने कमी होते आणि पुरुष अधिक प्रमाणात बाधित होतात. येथेही गुंतागुंत आहे : पुष्कळ आजारांत एकाच पेशीत चांगल्या आणि सदोष डीएनएच्या प्रती मिसळलेल्या असतात, आणि प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले तरच लक्षणे दिसतात. बीजांडे तयार होताना हे प्रमाण बदलते, म्हणून एकाच आईची दोन भावंडे अगदी वेगळी असू शकतात. काहीही झाले तरी जनुके कोणी निवडून देत नाही. नेमके कारण समजण्यासाठी जनुकीय तपासणी आणि समुपदेशन हाच मार्ग आहे.

१२. तंतुकणिका जिवाणूंसारख्या असतील तर प्रतिजैविकांनी त्यांना अपाय होत नाही का?

काहींनी होऊ शकतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड ही औषधे जिवाणूंच्या रायबोझोमला अडवतात, आणि मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ घेतल्यास तंतुकणिकेच्या रायबोझोमलाही बाधतात. म्हणून ती देखरेखीखाली देतात. तंतुकणिकीय डीएनएमध्ये १,५५५ व्या स्थानी एक विशिष्ट बदल असलेल्या व्यक्तींना स्ट्रेप्टोमायसिन किंवा जेंटामायसिनने कायमचे बहिरेपण येऊ शकते. आईकडच्या नातेवाइकांत कोणाला अशा इंजेक्शनांनंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक केवळ हे वाचून बंद मात्र करू नये.

१३. ऊर्जेखेरीज तंतुकणिका आणखी काय करतात?

पुष्कळ काही, आणि ‘ऊर्जाघर’ या एका शब्दामुळे हेच झाकले जाते. हिमोग्लोबिनमधील हीमच्या निर्मितीचे पहिले आणि शेवटचे टप्पे तंतुकणिकेत पार पडतात. स्टेरॉइड संप्रेरकांची निर्मिती तेथेच सुरू होते. पेशीतील कॅल्शियमची पातळी सांभाळण्यात तिचा वाटा असतो, आणि यकृतात अमोनियाचे युरियात रूपांतर करण्याची सुरुवातही तिच्यातच होते.

सर्वांत गंभीर काम म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूचे. इलेक्ट्रॉन वाहून नेणारे सायटोक्रोम सी हे छोटे प्रथिन तंतुकणिकेतून पेशीद्रव्यात निसटले की पेशी मोडणारी विकरे जागी होतात, असे १९९६ साली दिसून आले. गर्भात बोटांमधले पडदे नाहीसे होतात ते पेशींच्या अशाच नियोजित मृत्यूमुळे. उलट कर्करोगाच्या पुष्कळ पेशी सायटोक्रोम सी निसटण्याची ही वाट अडवून धरतात.

१४. तंतुकणिका नुसती उष्णता देऊ शकतात का? मग चरबी जाळणाऱ्या गोळ्या का वापरू नयेत?

नवजात बाळाच्या पाठीवर आणि मानेपाशी तपकिरी चरबी असते. तिच्या तंतुकणिकांत एक खास प्रथिन प्रोटॉनना एटीपी सिंथेज टाळून परत आत येऊ देते, आणि एटीपीऐवजी उष्णता निर्माण होते. बाळाला थंडीत कुडकुडता येत नाही, त्याची उणीव अशी भरून निघते.

डायनायट्रोफिनॉल हे रसायन हीच गळती साऱ्या शरीरात, कोणत्याही नियंत्रणाविना घडवते. १९३० च्या दशकात अमेरिकेत ते वजन घटवण्यासाठी विकले जात होते. मोतीबिंदू आणि मृत्यूंच्या घटनांनंतर १९३८ साली त्यावर बंदी आली. आजही ते इंटरनेटवरून विकले जाते. मात्रा थोडी जास्त झाली तरी शरीराचे तापमान आवरता येत नाही आणि त्यावर उतारा नाही. ते कोणीही, कितीही खात्री दिली तरी, घेऊ नये.

१५. थकव्यासाठी तंतुकणिकांची ताकद वाढवणाऱ्या कोएन्झाइम क्यू-टेनच्या गोळ्या घ्याव्यात का?

कोएन्झाइम क्यू-टेन हा इलेक्ट्रॉन साखळीतील खरा दुवा आहे, पण निरोगी शरीर तो स्वतः तयार करते. तो तयार करता न येण्याचे दुर्मीळ आनुवंशिक आजार आहेत, आणि त्यांत या औषधाचा लाभ होऊ शकतो. सर्वसाधारण थकव्यावर ते गुणकारी असल्याचा भक्कम पुरावा नाही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, रक्तशर्करा आणि झोप तपासून घ्यावी. महागड्या डब्यापेक्षा हा खर्च सार्थकी लागतो. निरोगी माणसात तंतुकणिका खात्रीने वाढवणारा उपाय प्रश्न ७ मध्ये आला आहे.

१६. गॅस गिझरमुळे गुदमरून मृत्यू होतात, त्याचा तंतुकणिकांशी संबंध आहे का?

मुख्य संबंध रक्ताशी आहे : बंद न्हाणीघरात अपुऱ्या ज्वलनातून होणारा कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो आणि तंतुकणिकांपर्यंत ऑक्सिजन पोहोचत नाही. जास्त प्रमाणात तो इलेक्ट्रॉन साखळीच्या (प्रश्न ३) शेवटच्या प्रथिनालाही बाधतो. सायनाइड त्याच शेवटच्या प्रथिनाला थेट अडवते. तेथे रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवावा आणि हवा खेळती ठेवावी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

१७. ‘तीन पालकांचे बाळ’ म्हणजे काय?

आईच्या तंतुकणिकीय डीएनएमध्ये गंभीर दोष असेल तर तिच्या बीजांडातील किंवा फलित बीजांडातील केंद्रकीय भाग निरोगी तंतुकणिका असलेल्या दात्या स्त्रीच्या बीजांडात ठेवला जातो. ब्रिटनने २०१५ साली याला कायद्याने परवानगी दिली आणि २०२५ साली तेथील न्यूकॅसलमध्ये या पद्धतीने ८ बाळे जन्मल्याचे जाहीर झाले. दात्या स्त्रीकडून बाळाला फक्त तंतुकणिकेतील ती ३७ जनुके (प्रश्न ९) मिळतात. रूप, उंची आणि इतर सारा वारसा आई-वडिलांच्या केंद्रकीय जनुकांतून येतो, म्हणून ‘तीन पालक’ हा शब्दप्रयोग मला दिशाभूल करणारा वाटतो. केंद्रकातील जनुकांमुळे होणाऱ्या आजारांवर (प्रश्न ११) या पद्धतीचा उपयोग नाही.

१८. केंद्रक असूनही तंतुकणिका मुळीच नसलेला एखादा सजीव आहे का?

बराच काळ जुलाबास कारण ठरणारा जिआर्डिया हा परजीवी त्याचे उदाहरण मानला जात होता. पुढे त्यात तंतुकणिकेचा फार लहान झालेला अवशेष सापडला, जो एटीपी तयार करत नाही. सामन माशात राहणाऱ्या हेनेगुया या जेलीफिशच्या दूरच्या नातलगाने तंतुकणिकीय डीएनए पूर्णपणे गमावला आहे, असे २०२० साली दिसून आले. पण तंतुकणिकेसारखी अंगके त्याच्यातही शिल्लक आहेत.

अवशेषही सापडला नाही असा पहिला सजीव २०१६ साली नोंदला गेला. तो मोनोसर्कोमोनॉइडिस हा चिंचिला या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यातून मिळवलेला एकपेशीय जीव. ऑक्सिजन नसलेल्या आतड्यात त्याची ऊर्जेची गरज ग्लुकोज आणि अमिनो आम्लांच्या ऑक्सिजनविरहित विघटनाने भागते. जिआर्डियाच्या त्या अवशेषात शिल्लक राहिलेले काम म्हणजे लोह आणि गंधक यांचे छोटे समूह जुळवण्याचे, जे अनेक विकरांना लागतात. मोनोसर्कोमोनॉइडिसने त्यासाठी लागणारी जनुके जिवाणूंकडून मिळवली आहेत, आणि तंतुकणिका गमावूनही तो जगू शकला याचे स्पष्टीकरण संशोधक त्यातच पाहतात.